अवसरम मामांची अंबाडी

कुंडीत बी पेरलं की दुसऱ्या दिवशी सकाळी मामा त्या मातीत बोट घालायचे. डोळे मिटून, नाडी बघणाऱ्या वैद्यासारखा चेहरा करून उभे राहायचे आणि पुटपुटायचे, "इतका वेळ आंत काय करतंय हें?"

एक रात्र गेलेली असायची हो! बी बिचारं अजून ओलंसुद्धा झालेलं नसायचं. पण मामांना दम कुठला? बोटाने खात्री झाली नाही तर काडीने उकरायचे, बी बाहेर काढायचे, तळहातावर घेऊन उलटसुलट बघायचे, फुंकर मारायचे आणि परत पुरायचे. अशाने काय उगवणार, डोंबल! त्यांच्या गच्चीवरची निम्मी रोपं ह्या चौकशीपायीच मेली.

गल्लीतली तमिळ माणसं त्यांना अवसरम मामा म्हणायची. तमिळमध्ये अवसरम म्हणजे घाई. खरं नाव घराच्या पाटीवर होतं, पण टपालवाल्याखेरीज ते कुणी वाचत नसे. ओरत्तनाडूच्या एका सरकारी कचेरीत त्यांनी नोकरी केली. रोज तंजावूरहून बसने जायचे आणि आपला थांबा यायच्या कितीतरी आधी उठून दाराशी उभे राहायचे. कॉफी उभ्याने प्यायचे. कुकरची वाफ जिरायच्या आत झाकण उघडायला जायचे. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, पण मामांच्या पायाला भिंगरीच होती. आमच्या घरी आले की बसायच्या आधीच "येतों" म्हणायचे.

मी मूळची साताऱ्याची. लग्न करून राजवाड्यामागच्या ह्या गल्लीत आले. नवरा इथलाच, बँकेत. मी ओट्यावर, म्हणजे इथल्या तिण्णैवर, मुलांच्या हिंदीच्या शिकवण्या घेते आणि मोठ्या आवाजासाठी गल्लीत प्रसिद्ध आहे. इथली मराठी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला हसू आवरेना. शब्द माझ्या पणजोबांच्या तोंडचे आणि हेल तमिळ. मामांनी मला पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "सातारकरणी, तुज कॉफी होणा कीं नको?" होणा म्हणजे हवी. मी फिस्सकन हसले. ते म्हणाले, "हांसून घे. तुमच्याकडे मराठी बिघडली, आम्ही जपून ठेवली." त्या दिवसापासून मी सातारकरीण झाले ती झालेच.

त्यांची गच्ची आणि आमची गच्ची यांच्यात गुडघाभर उंचीची भिंत. मामी होत्या तोवर "उकरूं नका!" असं ओरडायचं काम त्यांचं होतं. त्या गेल्या आणि ते काम न सांगता माझ्याकडे आलं. सकाळी कपडे वाळत घालताना माझं लक्ष दोरीवर कमी आणि मामांच्या बोटावर जास्त असे.

मुलगा एकच, कॅनडात. बापलेकांचं भांडण नव्हतं, पण बोलणंही नव्हतं. दर रविवारी सकाळी फोन यायचा. "बरे आहांत?" "बरा आहें." "जेवलांत?" "जेवलों." संपलं. मग मामा फोन खिशात टाकून गच्चीवर यायचे आणि दिसेल त्या कुंडीत बोट खुपसायचे. रविवारी सगळ्यात जास्त रोपं मरायची.

मग एका उन्हाळ्यात मुलाने त्यांना तिकडे नेलं. मामांना तिथे करमेना. मुलगा सकाळी जायचा तो संध्याकाळी यायचा. रस्त्यावर माणूस नाही, तिण्णै नाही, भांडायला सातारकरीण नाही. घरामागे छोटी बाग होती. तिथे कुंड्यांत लांब बोटांसारख्या पानांची चार हिरवीगार झाडं डोलत होती. मामांनी लांबूनच ओळखली. अंबाडी! इथे तिला पुळिच्चकीरै म्हणतात आणि आमच्या गल्लीत आठवड्यातून एकदा तरी तिची डाळ घालून भाजी होतेच. परदेशात पोराने अंबाडी लावली, ह्या विचाराने मामांचा ऊर भरून आला. त्यांनी झाडं ओरबाडली, पानं धुतली, चिरली, डाळीत शिजवली, वरून लाल मिरचीची फोडणी दिली आणि पोटभर जेवले.

"मग?" मी विचारलं होतं.

"आंबट नव्हती गे. मनांत म्हटलं, ह्या देशांत उन्हाला दम नाही, अंबाडीला कोठून येणार?"

तो गांजा होता. तिकडे घरापुरती मोजकी झाडं लावायला कायद्याची परवानगी आहे, आणि मुलाने ती हौसेने लावली होती. तो संध्याकाळी घरी आला तर झाडांचे नुसते दांडे उभे, आणि बाप खुर्चीत डोळे अर्धवट मिटून बसलेला. स्वस्थ! पाय हलत नव्हता, बोट वाजत नव्हतं. मुलाने पातेल्याचं झाकण उचलून आत बघितलं आणि तो खाली बसून हसायलाच लागला. मामांना काही कळेना, पण पोरगा हसतोय म्हटल्यावर तेही हसले. "लहानपणानंतर पहिल्यांदा तो माझ्यासमोर असा हांसला," असं मामांनी मला सांगितलं, आणि लगेच उठून "येतों" म्हणाले.

त्या दिवसापासून बापलेक बोलायला लागले. बोलायचे ते त्या झाडांबद्दलच. मुलाने नवी रोपं लावली आणि समजावून सांगितलं, की ही जात वेगळी. बाकीची झाडं दिवस लहान होण्याची, मोसमाची वाट बघतात. ही बघत नाही. ठराविक वयाची झाली की सूर्याला न विचारता आपली आपण फुलते. मामा ऐकतच राहिले. जन्मभर सगळ्यांनी ज्या गोष्टीसाठी त्यांना बोल लावला, त्याच स्वभावाचं झाड त्यांना शेवटी भेटलं होतं.

"पण एक अट आहे, अप्पा," मुलगा म्हणाला होता. "हिच्या मुळाला हात लावायचा नाही. एकदा दुखावली की ती परत सावरत नाही. हिच्याजवळ तेवढा वेळच नसतो."

आणि आमच्या मामांनी संपूर्ण उन्हाळा त्या मातीत बोट घातलं नाही.

परत येताना त्यांनी काय करावं? त्यातलं बी मेथीच्या डब्यात टाकून आणलं! मला ह्याचा पत्ता नव्हता. एक दिवस मी सांडगे वाळत घालायला गच्चीवर गेले, तर मामांच्या अंबाडीच्या ओळीत एक झाड वेगळं दिसलं. पानाला कातरलेल्या कडा, शेंड्याला तुरे, आणि वास असा की नाकातून जाईना. मी लहान असताना आमच्या गावात एकाच्या उसात ही झाडं सापडली होती. पोलिसांनी उपटून ट्रॅक्टरभर नेली, आणि त्या माणसालाही नेलं. माझ्या हातातलं सांडग्यांचं ताट खाली पडलं.

"मामा! हा गांजा आहे!"

"हळू बोल," मामा म्हणाले. "मज ठाऊक आहे."

"ठाऊक आहे? अहो, तुरुंगात जाल! ह्या वयात खडी फोडणार का?"

"कोण ओळखतंय? अस्के लोक अंबाडीच समजतात." अस्के म्हणजे सगळे.

"मी नाही ओळखलं?"

"तूं सातारची," ते म्हणाले. जणू माझाच दोष.

मी कमरेला पदर खोचून भांडायच्या तयारीत भिंत ओलांडली, तेव्हा बघितलं, की मामा एका स्टुलावर बसले होते आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले होते. हात मोकळे राहिले तर मातीत जातील म्हणून. सुपारीचं खांडही न खाणारा हा माणूस. त्या झाडाचं त्यांना काही करायचं नव्हतं, नुसतं बघत बसायचं होतं. मला भांडण सुचेना.

मग रविवारी मी मुद्दाम भिंतीशी उभी राहून ऐकलं. मामा व्हिडिओ लावून फोन झाडासमोर धरून उभे आणि पलीकडून मुलगा कडाडतोय, "अप्पा, आधी उपटून टाका तें! तिकडे जेल होते, किती वेळां सांगूं?" मामा म्हणाले, "बरं, उपटतों. पण हें खालचं पान पिवळं पडलं, तें कशानं रे?" मग मुलगा म्हणाला, "कोणतं? जवळ धरा बघूं." आणि मग ऊन डोक्यावर येईपर्यंत दोघांचं चाललं. मधून मधून मुलगा रागावायचा, मधून मधून पान बघायचा. बोलता बोलता ऑफिसातलं सांगितलं, गुडघा दुखतो म्हणाला, आईच्या हातच्या रसमची आठवण काढली. फोन ठेवल्यावर मामा माझ्याकडे वळून म्हणाले, "बघितलंस? तो मज रागावतो आतां." एवढा आनंद कुणाला शिव्या खाऊन झालेला मी पाहिला नाही.

म्हणून मी गप्प बसले. चूक होती, कळत होतं. रोज गल्लीत खाकी कपडे दिसले की मी गच्चीकडे धावायची, मग तो रिक्षावाला का असेना.

आणि एका सकाळी खरंच खाकी यायची वेळ आली. मामांच्या पासपोर्टची मुदत संपत आली होती. नव्यासाठी अर्ज केला होता, आणि ठाण्यातून फोन आला, की चौकशीसाठी आमचा माणूस दुपारी घरी येईल. पासपोर्टसाठी तो आला की पत्ता बघतो, शेजाऱ्यांना दोन प्रश्न विचारतो आणि जातो. पण गच्चीवरचं झाड तेव्हा ऐन फुलावर होतं आणि वास थेट माझ्या तिण्णैपर्यंत येत होता. शिकवणीच्या मुलांना मी सांगितलं होतं, की मामांनी कसलंसं खत घातलंय.

मी गच्चीवर धावले. "मामा, उपटा."

"आज शुक्रवार," मामा म्हणाले.

"मग?"

"परवां रविवार. हें उपटलं तर मी त्याच्याशी काय बोलूं?"

त्यांचा आवाज नेहमीसारखा घाईचा नव्हता. मला एकदम रडूच आलं, आणि रडू आलं की मी ओरडते. "अहो, आणि नाही उपटलं तर पासपोर्ट जाईल, तुम्ही जाल आत! मग जन्मात त्याचं तोंड दिसायचं नाही. फोनवर पण नाही! कळतंय का?"

मामा उठले. खोडाला खाली हात घातला. ज्या माणसाने आयुष्यभर मुळं बघायला रोपं उपटली, त्याने हे झाड उपटताना तोंड दुसरीकडे फिरवलं. मुळाची माती झटकली ती मी.

आता ह्याचं करायचं काय? मी गोणपाट आणायला खाली गेले. तेवढ्यात ह्या बाबाने काय करावं? झाड न्हाणीघरातल्या पाणी तापवायच्या बंबात कोंबलं आणि काडी ओढली! मी धावत जाऊन काडीपेटी हिसकावली. "सगळ्या गल्लीला धुरी द्यायची आहे का? अहो, समोरच्या घरच्या म्हातारीला नाचवाल!" मग आम्ही दोघांनी ते झाड तुकडे करून मामांच्या खताच्या, शेणकाल्याच्या पिंपात बुडवलं, वरून गूळ आणि ताक ओतलं, काठीने ढवळलं. माझ्या साडीचं जे झालं ते झालं.

पोलीस आला. तरुण, शांत माणूस, वहाणा काढून बसला. मी शेजारीण म्हणून हजर होतेच. कॉफी झाली, सही झाली, तो उठणार एवढ्यात मामा म्हणाले, "या, बाग बघा." मला वाटलं, ह्यांचं तोंड बांधावं. पण मामांना एका जागी बसवतच नाही, त्याला कोण काय करणार! दोघे गच्चीवर, मागोमाग मी.

पोलीस अंबाडीच्या ओळीपाशी थांबला. वाकला. पान बोटांत धरून त्याने ते पसरून बघितलं. मग सावकाश मान वर केली. "सार, ही पानं कसली?" असं त्याने तमिळमध्ये विचारलं, आणि 'सार' मधला आदर जरा कमी झाला होता.

ती अंबाडी होती. खरीखुरी, आंबट, निष्पाप अंबाडी! आणि ते सांगायचं सोडून मी पाण्याच्या टाकीमागे सरकले.

मामांनी मात्र एक पान तोडून स्वतःच्या तोंडात टाकलं आणि दुसरं त्याच्यापुढे धरलं. "चावून बघा." पोलिसाने माझ्याकडे बघितलं, पानाकडे बघितलं, चावलं. त्याचा एक डोळा मिटला, गाल आत गेले. "पुळिच्चकीरै!" तो ओरडला आणि हसायला लागला. जाताना बायकोसाठी मोठी जुडी घेऊन गेला. मी तिथेच पाण्याच्या टाकीला टेकून बसले. मामा म्हणाले, "चांगला पोरगा. बसला असता आणखी थोडा."

रविवारी फोन आला. मी कान लावून. मामांनी काय दाखवलं असेल? अंबाडी! फोन लांब धरून, हात हलवत. "हें बघ, वाढतंय." पलीकडून मुलगा लगेच सुरू झाला, "अप्पा, अजून उपटलं नाहीं?" आणि मामांचा जीव भांड्यात पडला. पुढे आठवड्यामागून आठवडे हाच कार्यक्रम. पोरगा रागावायचा, मामा "उद्यां उपटतों" म्हणायचे, मग पानं, मग गुडघा, मग ऑफिस, मग आई.

मी म्हणायची, "मामा, लबाडी करताय." ते म्हणायचे, "होव, करतों कीं."

मग अंबाडी फुलली. फिकट पिवळी मोठी फुलं, मध्ये गडद जांभळा ठिपका. मामांच्या लक्षात आलं नाही. त्यांनी नेहमीसारखा फोन धरला. मुलगा बोलता बोलता थांबला.

"अप्पा, त्याला पिवळं फूल कसं?"

मामांचा हात खाली आला.

"अप्पा," मुलगा म्हणाला, "तें झाड एवढे महिने जगतच नाहीं. त्याचं आयुष्य किती, मज ठाऊक नाहीं कां? मी कधींच ओळखलं होतं."

"मग रागावत होतास तें?"

मुलगा म्हणाला, "नाहीं तर आणखी काय बोलूं, अप्पा?" मग लगेच, "पासपोर्ट आला कीं नाहीं? मी तिकीट काढतों. आतां इकडेच राहा."

मामा गेले. जाताना आख्खी गल्ली निरोपाला उभी, आणि हे रिक्षात बसून "चल, चल" म्हणून ड्रायव्हरच्या पाठीवर थापट्या मारतायत. मला गच्चीची किल्ली दिली आणि अंबाडीचं जपून ठेवलेलं बी दिलं. "येतों" म्हणाले, आणि ह्या वेळी खरंच गेले. घर बंद आहे. गच्चीवर कबुतरं बसतात. त्यांच्या कुंड्यांना पाणी मी घालते आणि उगीचच कुणावर तरी ओरडावंसं वाटतं, पण ओरडायला कुणी नाही.

पहिले काही दिवस फोन यायचे. मग कमी झाले. साहजिक आहे. तिकडे आता बोलायला घरातच माणूस आहे. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू?

मग मी त्यांचं अंबाडीचं बी पेरलं आणि त्यांना तसा निरोप पाठवला. दुसऱ्याच दिवशी फोन.

"सातारकरणी, आलं कीं?"

"कालच पेरलं हो मामा!"

त्यानंतर रोज फोन. तिकडे बाहेर बर्फ, बागेत काही उगवत नाही, आणि मामांचा जीव माझ्या कुंडीत. काल सकाळी परत फोन आला. मी गच्चीवरच होते.

"व्हिडिओ लावू का?" मी विचारलं.

"चित्रांत काय कळतं? बोट घाल."

"मुळाला लागेल."

"घाल गे! पहिल्या पेरापर्यंत."

मी फोन कानाशी धरला आणि मातीत बोट घातलं. जन्मात पहिल्यांदा. माती गार होती. बोटाच्या टोकाला काहीतरी लागलं. हळूच माती सरकवली, तर मान वाकवून बसलेला पांढरा कोंब. जिवंत.

"आलं कीं?" मामा विचारत होते. "बोल कीं, आलं?"

मी माती परत त्याच्यावर सारखी केली.

"नाही मामा," मी म्हटलं. "अजून काही नाही."

"इतका वेळ आंत काय करतंय हें?" मामा वैतागले. "बरं. उद्यां बघशील?"

"बघते. तुम्ही फोन करा."

"करतों," मामा म्हणाले, आणि माझं पुढचं ऐकायच्या आत त्यांनी फोन ठेवला.